चाखून दिलेली गाणी

जहाजावर परतण्याआधी माझा पुतण्या दर वर्षी एक पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवतो. पोर तारवटी आहे. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने गोव्यात, आमच्या आमोण्यात. "काका, दहाच घाल हां," असं बजावतो. पेनड्राइव्हमध्ये हजारो गाणी मावतील, पण त्याचं म्हणणं पक्कं आहे: शंभर दिलीस की सगळी वाजतात आणि एकही लागत नाही. भर समुद्रात नेट विकत घ्यावं लागतं आणि ते घरच्यांशी बोलायला राखून ठेवायचं असतं. तेव्हा वर्षातली उत्तम दहा गाणी काकाने निवडायची आणि पुतण्याने ती नऊ महिने पुरवून ऐकायची, असा आमचा करार आहे.

हे काम माझ्याकडे आलं ते धंद्यामुळे. बावीस वर्षं मी मांडवीतल्या बार्जवर इंजिन सांभाळलं. आमोण्याच्या धक्क्यावर खनिज भरायचं, भरती बघून निघायचं, दिवाडी, जुनं गोवं, पणजी मागे टाकत मुरगाव गाठायचं. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि आमची बार्ज काठाला लागली ती लागलीच. साठवलेल्या पैशांतून मी दोन मोठे स्पीकर, एक मिक्सर आणि चार माईक घेतले. तेव्हापासून जत्रा, लग्न, दशावतारी कालो, भजनी सप्ताह, बारसं, कुठेही आवाज लागला की मला बोलावणं येतं. शिवाय गुरुवारच्या भजनात पेटीवर मी असतो. शनिवारी ज्या हातांनी लग्नात बास वाढवतो, त्याच हातांनी गुरुवारी अभंगाला सूर देतो. दोन्हीकडे घाम सारखाच येतो.

यादीसाठी मी एक शाळकरी वही ठेवली आहे. गाणं कानात बसलं की नाव लिहायचं, महिन्याभराने पुन्हा ऐकायचं, उतरलं असेल तर खोडायचं. २०२५च्या शेवटी तीत सत्तावीस नावं उरली होती. जत्रेच्या दिवसांत पेडण्याकडचे एक कीर्तनकार आमच्याकडे आले होते. मी माईक बांधत असताना त्यांच्या नजरेला ती वही पडली. "काय लिहिता?" म्हणाले. मी सांगितलं. ते हसले. "म्हणजे रागाची वही."

मला वाटलं, भैरवी-यमनाबद्दल बोलताहेत. तसं नव्हतं. पतंजलींनी माणसाचे पाच क्लेश सांगितले, त्यांत राग हा तिसरा. एकदा सुख मिळालं की मन त्याच्या मागे मागे जातं, त्या ओढीचं नाव राग. चौथा क्लेश द्वेष, तो त्याचाच जुळा भाऊ. कीर्तनकार म्हणाले, "तुम्ही सत्तावीस गाण्यांवर राग धरलात आणि बाकीच्यांवर द्वेष. वर्षाच्या शेवटी बेरीज केलीत. यात देवाचं काय आणि गाण्याचं तरी काय? उत्तम कोणतं ते तुम्ही सांगत नाही. तुम्ही कोण, ते सांगता."

कीर्तन छान झालं. पण मला ते ऐकूच आलं नाही. रागाचा मराठीत आपण संताप असाही अर्थ करतो, तोही त्या रात्री मला आला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा एकुलता एक शौक कुणी क्लेशांच्या यादीत घालावा, हे काही बरं नव्हे. तरी प्रश्न मात्र खरा होता आणि तो घेऊनच मी वही पुन्हा उघडली.

पहिलंच नाव असं होतं की ते नियमात बसत नव्हतं. १२ फेब्रुवारीला पंडित प्रभाकर कारेकर गेले. आपल्या गोव्याचे, अभिषेकीबुवांचे शिष्य. त्या आठवड्यात आमच्या भजनात 'बोलावा विठ्ठल पाहावा विठ्ठल' झालं आणि पेटीवर माझी बोटं थांबेनात. ते गाणं काही २०२५चं नव्हे, माझ्या लहानपणापासून रेडिओवर आहे. पण बाजारात कधी आलं यावर गाण्याचं वर्ष ठरतं की अंगात कधी आलं यावर? मी दुसऱ्या हिशेबाने ते पहिल्या क्रमांकावर ठेवलं. वही माझी आहे.

दुसरं नाव भाचीने लिहायला लावलं. वय वर्षं नऊ. जूनमध्ये नेटफ्लिक्सवर 'केपॉप डेमन हंटर्स' आला आणि पोरीने घर डोक्यावर घेतलं. त्यातलं 'गोल्डन' हे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत आठ आठवडे अव्वल होतं. ते गाणाऱ्या तिघींपैकी इजे हिने कोरियात कित्येक वर्षं मोठ्या कंपनीत तालीम केली होती, पण तिला मंचावर आणलंच नव्हतं. हे भाचीला माहीत नाही, मला माहीत आहे, आणि त्या वरच्या पट्टीत मला ती सगळी वर्षं ऐकू येतात. सिनेमाची गोष्ट अशी: तीन गायिका गातात, ऐकणाऱ्यांचे जीव एक होतात, त्यातून एक पडदा विणला जातो आणि भुतं अलीकडे येऊ शकत नाहीत.

"हे खरं असतं?" भाचीने विचारलं.

आमोण्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमाल. आमचा गाव बेताळाचा. भुतांचा राजा आमच्याकडे देव आहे. रात्री तो गावाला फेरी मारतो, चालून वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहायच्या, अशी समजूत आपल्याकडे गावोगाव आहे. आमच्याच डिचोली तालुक्यात साळला शिगम्याच्या पुनवेला गडे म्हणवणारे भक्त रानात शिरतात. कुठल्याही गावात मांडावर, म्हणजे शिगमा सुरू होतो त्या जागेवर, आधी नमन होतं, मग ढोल, मग रोमटाची मिरवणूक. नमन न करता ढोलावर काठी टाकली तर म्हातारी माणसं काठी धरतात. मी भाचीला म्हटलं, "कोरियाचं ठाऊक नाही. आपल्याकडे गाणं राखणीला असतं." बोलून गेलो आणि मलाच ते पटलं. आपण समजतो की गाणं ऐकण्यासाठी आहे. मांडावर मात्र ऐकायला कुणी बसलेलंच नसतं, सगळे गातात किंवा वाजवतात. तिथे गाणं आवडलं का असं कुणी कुणाला विचारत नाही. राखण झाली की पुरे. कीर्तनकारांचा राग इथे कुठे बसवायचा?

तिसरं नाव माझ्या जुन्या सोबत्याकडून आलं. तो दिवाडीचा, बार्जवर आमचा सारंग होता, आता चर्चमध्ये कॉयरला गातो. नोव्हेंबरमध्ये रोझालिया या स्पॅनिश गायिकेचा 'लक्स' हा अल्बम आला. संत स्त्रियांवरची गाणी, डझनाहून जास्त भाषांत, मागे लंडनचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. "तुझ्या जनाबाईसारख्या बायका आहेत यात," असं त्याने कळवलं. कालपर्यंत नाचायला लावणारी बाई आज संतिणींवर गाते, तेव्हा पहिल्यांदा संशयच येतो. भक्ती हा नवा पोशाख नाही ना? मग कान्होपात्रा आठवली. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी. तिची जागा पंढरपूरच्या देवळाच्या आवारातच आहे. आमच्या गोव्यात तर देवळातलं गाणं पिढ्यान् पिढ्या ज्या बायकांनी जपलं, त्यांना गावाने सभामंडपात बसवलं आणि घराच्या ओटीवर बसू दिलं नाही. गाणाऱ्याचा धंदा बघून गाण्याची भक्ती मोजायची झाली तर आपल्या हाती फार थोडी गाणी उरतील. 'लक्स'मधले शब्द मला कळत नाहीत. मराठी अभंग म्हणताना आमच्या भजनातल्या निम्म्या पोरांनाही सगळं कळत नाही. ती घरात कोकणी बोलतात. देवापुढे मात्र मराठीच येते.

चौथं नाव लिहिताना हात जड झाला. सप्टेंबरात 'दशावतार' सिनेमा आला. दिलीप प्रभावळकर म्हातारे दशावतारी झाले आहेत. त्यातलं 'रंगपूजा' ऐकलं आणि थेट जत्रेतला कालो उभा राहिला: रात्री दोनची वेळ, झांजा, पेट्रोमॅक्स जाऊन आलेले माझे हॅलोजन, संकासूर बघून आईच्या पदरात घुसलेली पोरं. पण तो सिनेमा कोकणातल्या रानाबद्दल आहे आणि त्या रानावर आलेल्या खाणीबद्दल आहे. मी बावीस वर्षं त्या लाल मातीवर पोट भरलं. थिएटरात माझ्या आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. कीर्तनकारांना मला इथे सांगायचं होतं: बुवा, सुखाच्या मागे जातो तो राग. मग जे गाणं ऐकताना आपण आरोपी असतो आणि तरी ते पुन्हा ऐकावंसं वाटतं, त्याला कोणता क्लेश म्हणायचं?

आता पाचवं. यावरून आमच्या वाड्यात भांडण झालं.

'सैयारा' हा हिंदी सिनेमा १८ जुलैला आला. त्याचं शीर्षकगीत गाणारा फहीम अब्दुल्ला, काश्मीरचा पोरगा. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. मधल्या चाळीस दिवसांत आमच्या वाड्यातल्या पोरांनी त्या चालीवर गणपतीची पदं बसवली. घुमट, शामेळ, कांसाळे तेच, चाल नवी. पहिल्या रात्री दुसऱ्या घरी ती सुरू झाली आणि आमच्यातल्या एका जाणत्या काकांनी कांसाळे खाली ठेवली. "हें देवाचें न्हय," म्हणाले. म्हणजे हे देवाचं नव्हे. आरती थांबली. यजमानीण प्रसादाचं ताट घेऊन दारात उभी राहिली.

काकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "चालीला वास असतो. सुक्या सुंगटांच्या डब्यात साखर भरलीत तर ती साखरच राहील, पण चहा करून बघा." त्यावर एका पोराने विचारलं, "काका, तुम्ही म्हणता त्या चाली कुठल्या?" हाही मुद्दा खोटा नव्हता. १९११ साली 'संगीत मानापमान' आलं तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी त्यातल्या पदांना पूरबच्या ठुमरीचं वळण दिलं. ती ठुमरी कोठ्यांवरची. पुढे नाट्यपदांच्या चाली गोव्यातल्या भजनांत किती शिरल्या याला गणती नाही. त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात, नाथांनी वासुदेव, जोगवा, वाघ्या-मुरळी अशी रस्त्यावरची सोंगं उचलली आणि भारुडं केली. त्या वेळीही पैठणात कुणीतरी कांसाळे खाली ठेवलीच असणार. आणि घुमटाचंच बघा. त्यावर घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं येतं. जुने वादक म्हणतात, नाद बदलला. बदलला, पण गणपती येणं थांबलं नाही. २०१९ साली सरकारने त्याच घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं.

एवढं सगळं असूनही त्या रात्री काकाच बरोबर होते. मी पोरांच्या तोंडाकडे बघत होतो. ध्रुपदाला आली की ती एकमेकांकडे बघून हसत. दोघांनी फोन बाहेर काढले. मूर्ती समोर होती आणि मनं पडद्यावर. वास होताच.

पण आमचा गणपती पाच दिवसांचा. पोरांनी हट्टाने तीच चाल रोज, दहा-दहा घरी म्हटली. तिसऱ्या दिवशी हसणं गेलं. चौथ्या दिवशी एका आजीने टाळी धरली; तिला सिनेमा-बिनेमा काही ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी विसर्जनाला नदीकडे जाताना पाऊस आला, पोरांचे गळे बसले होते, आणि त्या फाटक्या आवाजात ती चाल निघाली तेव्हा ती आमचीच होती. काका माझ्या बाजूने चालत होते. गायले नाहीत, पण त्यांची बोटं छत्रीच्या दांड्यावर ताल धरत होती. माझ्यापुरता निकाल लागला: चाल जन्माने पवित्र नसते आणि अपवित्रही नसते. ती घासून घासून देवाची होते, पितळेच्या समईसारखी. एका रात्रीत होत नाही, एवढाच काकांचा मुद्दा शिल्लक राहतो, आणि तो लहान नाही.

चालीचं झालं. पण निवडणाऱ्याचं काय? कीर्तनकारांचा आरोप निवडण्यावर होता.

चतुर्थीला आमची आई खतखतें आणि पातोळ्यो करायची. खतखत्यात भाज्याच मोजता येत नाहीत, मीठ कसं मोजणार? पण नैवेद्य दाखवेपर्यंत ती थेंबही जिभेवर घेत नसे. वाफेवर नाक धरायची आणि हाताला विचारून मीठ टाकायची. देवाआधी चाखलं की ते उष्टं. या न्यायाने माझी वही म्हणजे मोठंच पाप. मी आधी चाखतो, दहादा चाखतो, मगच पुढे करतो.

पण आमच्याच भजनात शबरी आहे. तिने एकेक बोर चावून बघितलं, आंबट तेवढं टाकलं आणि गोड तेवढं रामासाठी ठेवलं. वाल्मीकींनी ही बोरं लिहिलेली नाहीत, ती लोकांनी मागाहून रामायणात घातली. लोकांना ती घालावीशी वाटली, हे मला महत्त्वाचं वाटतं. न चाखता अर्पण करण्याचा नियम ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळला, त्याच लोकांनी चाखून देणारी एक म्हातारी आपल्यासाठी राखून ठेवली. आईचा नियम देवाचा मान राखतो. शबरीला रामाचं तोंड आंबट होऊ द्यायचं नव्हतं. तिने चावलेलं प्रत्येक बोर हाही रागच होता, गोडाचा राग आणि आंबटाचा द्वेष. तरी तिला कुणी क्लेशात धरलं नाही, कारण गोड बोर तिने गिळलं नाही.

एवढं कळल्यावर मला केसरबाईंची आठवण झाली. आमोण्याहून पूल ओलांडला की खांडोळा, फोंडा तालुका सुरू. त्याच तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. वाटेत कुणी भेटलंच तर त्यांच्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी सोबत दिली. कार्ल सेगन आणि त्यांच्या मंडळींनी साऱ्या पृथ्वीवरच्या संगीतातून सत्तावीस तुकडे निवडले. बाख, बेथोव्हन, चक बेरीचा रॉक अँड रोल, आणि केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर-१ निघालं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

यादी करणाऱ्यांत सेगन मंडळींहून मोठा यादीवाला झाला नाही. त्यांनीही चाखलं, भांडले असतील, खोडलं असेल. पण निवडून झाल्यावर तबकडी ठेवून घेतली नाही. ज्याचं नाव ठाऊक नाही, कान आहेत का ठाऊक नाही, त्याच्यासाठी पाठवली. ऑगस्ट २०१२ मध्ये पहिलं व्हॉयेजर सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर गेलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात आमच्या खाणी थांबल्या. मी आमोण्याच्या काठावर रिकामी बार्ज बघत बसलो होतो, आणि त्याच दिवसांत आमच्या शेजारच्या तालुक्यातली एक बाई ताऱ्यांच्या मधल्या काळोखात पोचली होती. आज ते यान अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. सैयारा या शब्दाचा उर्दूत अर्थ ग्रह, भटकणारा तारा. विसर्जनाच्या रात्री हे मला ठाऊक असतं तर काकांना सांगितलं असतं.

कीर्तनकार पुन्हा भेटतील तेव्हा त्यांना माझं उत्तर असं आहे: वही रागाचीच आहे, कबूल. पण राग म्हणजे मुळात रंग. तो हाताला लागला म्हणून दोष नाही, लागलेला हात मुठीत झाकून ठेवला तर दोष. स्वतःपुरती केलेली यादी आरशासारखी असते, बघावं आणि केस विंचरावेत. दुसऱ्याच्या तोंडाची चव धरून केलेली यादी नैवेद्याच्या जवळ जाते. दोन्हींत गाणी तीच असू शकतात. फरक कळण्याची मला सापडलेली खूण एकच: आपल्या यादीत आपल्याला न आवडणारं निदान एक गाणं हवं.

सत्तावीस नावांतून मी दहा काढली. सहाव्या क्रमांकावर संजू राठोडचं 'शेकी' आहे, जळगावकडच्या पोराचं, एप्रिलमध्ये आलेलं. वर्षभर प्रत्येक लग्नात मी ते तीन-तीनदा वाजवलं आणि माझ्या कानांनी त्याचा धसका घेतला आहे. वहीत ते मी दोनदा खोडलं होतं. पण पुतण्याच्या केबिनमधला सोबती फिलिपिन्सचा आहे. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही, आणि तो दाढी करताना रोज सकाळी 'शेकी' म्हणतो.

पेनड्राइव्ह मी पोराच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत ठेवला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो जहाजावर चढला.